तो ‘यू’ कोण? : यू-टूचं ‘न्यू इयर्स डे’ आणि त्याचे श्रोते

यू-टूच्या ‘न्यू इयर्स डे’ या गाण्याचं मराठी करायला बसले आणि पहिल्याच वळणावर अडले. धृवपद अगदी साधं आहे. मी पुन्हा तुझ्याजवळ येईन, एवढाच त्याचा मजकूर. पण इंग्रजीतला तो ‘यू’ एक माणूस आहे की हजार, घरातला आहे की मानाचा, काहीच सांगत नाही. मराठीत हे लिहिण्याआधी ठरवावं लागतं. ‘तुझ्याजवळ’ लिहिलं की कुणी एक प्रियकर बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला दिसतो. ‘तुमच्याजवळ’ लिहिलं की समोर लोक जमलेले दिसतात आणि गाणारा त्यांना वचन देतो आहे असं वाटतं. शब्दातल्या या एवढ्या फरकाने गाण्याचा अर्थच पालटतो.

हे गाणं प्रेमाचं की राजकारणाचं, हा वाद त्याच्या चाहत्यांमध्ये चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण गाणं ऐकणारा त्यात स्वतःचं काय घालतो आणि ते घालण्याचा त्याला किती हक्क आहे, हे या एका गाण्याच्या निमित्ताने फार स्वच्छ दिसतं.

आधी गाणं कसं झालं ते पाहू. यू-टू हा डब्लिनचा बँड. १९७६मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला. बोनो गातो, एज गिटार आणि या गाण्यात पियानोही वाजवतो, ॲडम क्लेटन बास आणि लॅरी मलन ड्रम्स. ऑगस्ट १९८२मध्ये बोनोचं अली हिच्याशी लग्न झालं आणि दोघं जमैकाला गेली. इयन फ्लेमिंगने जिथे जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिल्या, त्या ‘गोल्डनआय’ नावाच्या घरात त्यांचा मुक्काम होता. ‘वॉर’ या नव्या अल्बमच्या काही ओळी बोनो तिथेच जुळवत होता; हे गाणं त्यातलंच. मग डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत स्टीव्ह लिलीव्हाइट या निर्मात्यासोबत ध्वनिमुद्रण झालं. गाण्याचा पाया असलेली बासची चाल क्लेटनच्या हातून निघाली ती कार्यक्रमाआधी वाद्यं तपासताना, दुसऱ्याच एका बँडची धून आठवून वाजवायच्या नादात. जानेवारी १९८३मध्ये गाणं बाजारात आलं आणि ब्रिटनच्या यादीत १०व्या क्रमांकावर पोचलं. तिथल्या पहिल्या दहांत या बँडचं एकही गाणं तोवर गेलेलं नव्हतं.

सुरुवात बायकोसाठी लिहिलेल्या प्रेमगीताची होती, हे बोनोने स्वतः सांगितलं आहे. पुढे तो हेही म्हणाला की पोलंडमधला नजरकैदेत ठेवलेला कामगार पुढारी लेक वालेसा आणि त्याला भेटू न शकणारी त्याची बायको नकळत आपल्या मनात असावी. त्यातला ‘नकळत’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पोलंडवर गाणं लिहायचं असं ठरवून तो बसला नव्हता. नवं लग्न झालेल्या बावीस वर्षांच्या मुलाच्या मनात बायको होती आणि त्याच मनात वर्षभर वर्तमानपत्रांतून येणारा बर्फातला पोलंडही होता. दोन्ही एकमेकांत मिसळून कागदावर उतरलं.

त्या वेळी त्याची लिहिण्याची रीतही तशीच होती. मार्च १९८१मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला त्याची बॅग गेली. ‘वॉर’च्या आधीच्या ‘ऑक्टोबर’ या अल्बमची कच्ची गाणी तिच्यात होती. (ती बॅग त्याला परत मिळाली ती थेट २००४मध्ये.) मग माइकसमोर उभं राहून, चालीवर सुचतील ते शब्द म्हणत त्याने अख्खा अल्बम उरकला होता. ‘न्यू इयर्स डे’मध्येही वाक्यांपेक्षा चित्रंच जास्त आहेत. शांत पांढरं जग, रक्तासारखं लाल आभाळ, काळ्यापांढऱ्यात जमलेली माणसं, हातांत गुंफलेले हात, वर्तमानपत्राने दिलेली बातमी. या चित्रांना जोडणारा दोरा कवीने दिलेला नाही. ऐकणाऱ्याने तो आपल्या घरून आणायचा.

आता पोलंड. ऑगस्ट १९८०मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. वालेसा तिथला वीजतंत्री. वर्षभरात संघटनेचे सुमारे १ कोटी सभासद झाले. १३ डिसेंबर १९८१च्या रविवारी पहाटे देशात लष्करी कायदा लागू झाला. लोकांनी टीव्ही लावला तर जनरल यारुझेल्स्की भाषण करत होते, पुढे बातम्या देणारेही लष्करी गणवेशात दिसू लागले. रस्त्यांवर बर्फ आणि बर्फात रणगाडे. हजारो कार्यकर्त्यांना रातोरात उचललं.

या साऱ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, ती टेलिफोनची. पहिल्या दिवसांत फोन पूर्ण बंद होते. पुढे काही आठवड्यांनी सुरू झाले तेव्हा फोनवर एक ध्वनिमुद्रित आवाज येऊ लागला: या संभाषणावर नियंत्रण आहे. बायको नवऱ्याशी बोलतेय, मुलगा आईला विचारतोय औषध घेतलंस का, आणि मध्ये हा आवाज. पत्रंही उघडून वाचली जात. राजकारण इथे सभेत किंवा जाहीरनाम्यात राहिलं नव्हतं. दोन माणसांनी एकमेकांना ‘कशी आहेस’ विचारायचं तर तिसरा मध्ये बसलेला होता.

म्हणून ‘प्रेम की राजकारण’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ज्या देशात सरकार फोनच्या तारेत शिरलं आहे, तिथे ‘मी पुन्हा तुझ्याजवळ येईन’ हे साधं वाक्य राजकीय होतं आणि ते होताना त्यातलं प्रेम तसूभरही कमी होत नाही.

चाहत्यांनी लावलेले सगळेच अर्थ मात्र मला सारख्या वजनाचे वाटत नाहीत. भविष्यवाणीचा अर्थ फार आवडीने सांगितला जातो: गाण्यात नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे आणि पोलंडमधला लष्करी कायदाही नव्या वर्षाच्या तोंडावर उठला, म्हणजे गाण्याला आधीच कळलं होतं. खुद्द बोनोलाही या योगायोगाचं नवल वाटलं होतं. पण तारखा लावून पाहिल्या की यातलं थोडं टिकतं, बरंच गळतं. गाणं मुद्रित झालं १९८२च्या शरदात. वालेसा सुटला नोव्हेंबरमध्ये. लष्करी कायदा ३१ डिसेंबर १९८२ला स्थगित झाला. स्थगित म्हणजे रद्द नव्हे, तो पुरता उठला २२ जुलै १९८३ला. शिवाय गाण्याचं म्हणणं नेमकं उलट आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी काहीच बदलत नाही, असं ते स्पष्ट म्हणतं. भविष्यवाणी शोधणारे ही ओळ सोडून देतात, आणि माझ्या मते गाण्यातली सगळ्यात खरी ओळ तीच आहे. वाट पाहणाऱ्याला कॅलेंडर बदलल्याने काय मिळतं?

बोनोच्या मनातलं चित्रही घडलेल्या गोष्टीशी तंतोतंत जुळत नाही. वालेसाला शेवटी सोव्हिएत सीमेजवळ आर्वामूव इथे ठेवलं होतं आणि बायको दानुता मुलांना घेऊन तिथे त्याला भेटून आली होती. भेट झालीच नाही असं नाही. पण जानेवारी १९८२मध्ये, तो कैदेत असताना, त्यांना मुलगी झाली. पुढे १९८३चं नोबेल शांतता पारितोषिक घ्यायला ओस्लोला दानुताच गेली, कारण आपण देशाबाहेर पडलो तर परत येऊ देणार नाहीत अशी वालेसाला भीती होती. कवीला तपशील चुकीचा ठाऊक होता, तरी त्या घरावर काय गुदरलं असेल याचा अंदाज त्याला बरोबर आला होता. चाहत्यांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात असं मला वाटतं. गाण्यावर जीव आहे म्हणून इतिहास गाण्याच्या मापाने कापू नये.

धार्मिक अर्थही लावला जातो, आणि त्याला आधार आहे. क्लेटन सोडून बाकीचे तिघे त्या सुमारास श्रद्धाळू ख्रिस्ती गटात होते आणि ‘वॉर’ या अल्बमचं शेवटचं गाणं बायबलमधल्या ४०व्या स्तोत्रावर आहे. निवडलेले थोडे लोक, पुन्हा येण्याचं वचन हे शब्द ज्याने चर्चमध्ये ऐकले आहेत त्याला येशूचं पुनरागमन आठवणारच. व्हिडिओतल्या बर्फात दौडणाऱ्या चार घोडेस्वारांवरून काहींनी बायबलमधले प्रलयाचे चार स्वारही काढले. ते चित्रण स्वीडनमध्ये कडाक्याच्या थंडीत झालं होतं आणि तोंडाला रुमाल बांधून घोड्यांवर बसल्या होत्या चार स्वीडिश मुली, हे एजने कित्येक वर्षांनी सांगितलं. बँडमधली मंडळी गारठून गेली होती.

आयर्लंडमधल्या श्रोत्यांना दोन तुकडे होऊनही एक राहण्याची ओळ आपली वाटते. फाळणी झालेल्या देशात ती दुसऱ्या कशाबद्दल वाटावी? त्याच अल्बमवर ‘संडे ब्लडी संडे’ आहे. ३० जानेवारी १९७२ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. १३ जण जागीच गेले, एक जण नंतर. त्या गाण्याला काही जण सशस्त्र बंडाचं गाणं समजू लागले तेव्हा बोनोने मंचावरूनच सांगायला सुरुवात केली की हे बंडखोरांचं गाणं नाही. चुकीच्या अर्थाने माणसं मरू शकतात अशी ती जागा होती आणि कवीने मध्ये पडणं योग्यच होतं. ‘न्यू इयर्स डे’च्या बाबतीत बँडने कधी असं कुंपण घातलं नाही. मला हा फरक मोठा वाटतो. कोणता अर्थ मोकळा सोडायचा आणि कोणता अडवायचा, हे त्या चौघांना पंचविशीच्या आतच कळलं होतं.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तो भाग.

५ जुलै २००५. दक्षिण पोलंडमधलं खोझूव, तिथलं सिलेसियन स्टेडियम. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. शेजारीच कातोवित्से शहर आणि त्यात वुयेक नावाची खाण. लष्करी कायदा लागू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, १६ डिसेंबर १९८१ला, तिथे संपावर बसलेल्या खाणकामगारांवर गोळीबार झाला आणि ९ जण मारले गेले. स्टेडियमपासून ती जागा अवघ्या काही किलोमीटरवर आहे.

पोलंडच्या चाहत्यांनी आपसांत आधीच ठरवून ठेवलं होतं. खाली मैदानात उभे राहणाऱ्यांनी लाल काहीतरी आणायचं, वर बसणाऱ्यांनी पांढरं. टीशर्ट, टॉवेल, कापडाचा तुकडा, जे मिळेल ते. पोलंडचा झेंडा वर पांढरा, खाली लाल. ‘न्यू इयर्स डे’चे सूर सुरू झाले आणि हजारो हात वर गेले. त्या रात्रीची चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल! मंचाच्या बाजूने पाहिलं की जमीन लाल झालेली दिसते आणि तिच्याभोवती चहूबाजूंनी पांढऱ्याची कड. सगळं हलतंय, कारण प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी हातात आहे. ज्या बँडने दोन दशकांपूर्वी डब्लिनमध्ये बसून यांच्याविषयी नकळत काही लिहिलं होतं, त्याच्यासमोर ती माणसंच झेंडा होऊन उभी होती. ऑगस्ट २००९मध्ये बँड पुन्हा त्याच स्टेडियमवर आला तेव्हा लोकांनी हे पुन्हा केलं.

अर्थ लावणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. त्यांनी गाण्यावर निबंध लिहिला नाही. बोनोला काय म्हणायचं होतं, असंही विचारत बसले नाहीत. पांढरं जग आणि लाल आभाळ हे रंग गाण्यात आधीच होते. ते आपल्या झेंड्याचे रंग आहेत हे त्यांनी पाहिलं आणि धृवपदातल्या ‘यू’च्या जागी स्वतः जाऊन उभे राहिले. गाणाऱ्याने वचन दिलं होतं: पुन्हा येईन. कुणाला दिलं होतं, ते लोकांनी ठरवलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, तिचं रूप आठवतो, निघतानाचा तिचा चेहरा आठवतो. ऐकणारा त्या विरहात पुरता बुडतो आणि मग शाहीर सांगतो की खंडित महाराष्ट्राची गत तशीच झाली, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्याच्या ताब्यात राहिले. बायकोचा विरह हाच मुलखाचा विरह होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये गिरणी कामगार हे ऐकत तेव्हा ही लावणी की प्रचारगीत, असं कुणाला विचारावंसं वाटलं नसेल. दोन गाण्यांत फरक एवढाच की शाहिराने उपमेचा दोरा स्वतः ओवून हातात दिला. बोनोने मणी तेवढे दिले, ओवणं खोझूवच्या लोकांवर सोडलं.

माझं भाषांतर मात्र तिथेच अडून होतं. ते सुटलं एका मैत्रिणीच्या घरी. आम्ही दोघी बैठकीत गाणं लावून वहीत खाडाखोड करत होतो. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, आत पोळ्या लाटत होत्या. दुसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “हा सारखं तेच तेच काय म्हणतोय गं?”

मैत्रिणीने सांगितलं, “पुन्हा तुझ्याजवळ येईन म्हणतोय.”

“कुठून?”

त्यावर मी पोलंडची सगळी हकिगत सांगितली, फोनमधला तो आवाजही. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. हाताला पीठ तसंच होतं. आणीबाणीत काका मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते, हे मला ऐकून माहीत होतं, पण काकू त्याबद्दल कधी बोललेल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, “पत्र लिहायला बसलं की आधी वाटायचं, हे कुणीतरी वाचणार. हिला ताप आला होता, तेही लिहू की नको. मग नुसतं लिहायचे, इकडे सगळं ठीक आहे, तुम्ही काळजी करू नका. तेवढ्यातच त्यांना काय ते कळायचं.”

तुम्ही. मी वहीकडे पाहिलं. एवढे दिवस मी ‘तू’ म्हणजे घर आणि ‘तुम्ही’ म्हणजे सभा अशी विभागणी करून बसले होते. पण काकूंच्या पिढीत बायको नवऱ्याला ‘तुम्ही’च म्हणते. ज्या माणसाशी संसार केला, ज्याच्यासाठी रात्री जागून काढल्या, त्यालाही ‘अहो, तुम्ही’. मराठीत हा शब्द झोपायच्या खोलीतही चालतो आणि मैदानातही. आणि ‘येईन’ म्हणणारा पुरुष आहे की बाई, हे आपल्या क्रियापदावरून कळतच नाही. म्हणजे ही ओळ येरवड्याबाहेरच्या काकूंची होऊ शकते, आर्वामूवच्या वाटेवर मुलांना घेऊन निघालेल्या दानुताची होऊ शकते, आणि डब्लिनच्या गायकाने खोझूवच्या लोकांना दिलेलं वचनही होऊ शकते.

मी ‘तुझ्याजवळ’ खोडून ‘तुमच्याजवळ’ लिहिलं आणि ओळ मोठ्याने वाचून दाखवली: मी पुन्हा तुमच्याजवळ येईन.

काकूंनी ती एकदा स्वतःशी म्हणून पाहिली. मग तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून आत गेल्या.